ढीग थंड पडला तेव्हा

अल्मोचार, २२ जानेवारी १९९५

प्रिय तिस्कर,

जर्मनीत पंचवीस वर्षं नगरपालिकेच्या आवारात पाला कुजवून तू जे शिकलीस, ते आता तुझ्या थोरल्या भावाला शिकव. हा अर्ज समज. कुस्तोदियोने कुणापुढे अर्ज केला हे मात्र गावात कळता कामा नये.

आधी डोंगराची बातमी. वरचा खडकाळ डोंगर गावसभेने आम्हा बावीस मजूर कुटुंबांना दिला! आयुष्यभर फळं पाडायला दुसऱ्यांच्या ऑलिव्हच्या फांद्या झोडपल्या, आता स्वतःच्या झोडपू. अट एकच. येत्या हिवाळ्याआधी सहाशे चाळीस रोपं लावायची. ३१ मार्च १९९६ला तपासणी. दोन तृतीयांश जगलेली दिसली तर डोंगर कायमचा आमचा. नाहीतर तो खालच्या मोठ्या मळ्याच्या मालकाकडे जाईल. त्या मालकाला आम्ही कधी पाहिलेलं नाही. पाहतो तो त्याचा मुकादम बाल्तासार, जो आमच्या रामरामाला जांभईने उत्तर देतो. बावीस नावांत विसावं नाव तुझं घातलंय. एकोणतीस झाडं तुझी.

त्या खडकात माती नाही, म्हणून खड्डे खताने भरायचे. सहकारी घाण्याने नवी यंत्रं आणली, त्यांतून तेल काढल्यावर जो चोथा उरतो तो चिखलासारखा पातळ असतो. तो तळ्यात सोडतात आणि ओढा काळा होतो. मी भर सभेत म्हटलं, तो चोथा आम्हाला द्या. टाळ्या पडल्या. त्या माझ्या भाषणाला नव्हत्या, ब्याद टळल्याच्या होत्या. सान आंतोन या संताच्या रात्री गल्लोगल्ली छाटणीच्या फांद्यांची होळी होते, ती या वर्षी आम्ही होऊ दिली नाही. फांद्या ढिगासाठी राखल्या. शेजारची कापिया मला म्हणाली, "तुझ्या उकिरड्यापायी संतालासुद्धा कुडकुडत बसवलंस."

आणि आता तो उकिरडा बिघडलाय. सडक्या अंड्यांचा वास येतो. आजोबा करायचे तसा लोखंडी गज आत खुपसला, थोडा वेळ ठेवला, काढून गालाला लावला. गार! आजोबा म्हणायचे, गज गरम तर ढीग कामावर, गज गार तर काम संपलं. इथे काम सुरूच झालेलं नाही. काय करू?

तुझा,
कुस्तोदियो


कासेल, ५ फेब्रुवारी १९९५

प्रिय कुस्तोदियो,

अर्ज मंजूर. बारमधल्या फोनवरून बोलण्यापेक्षा तू लिहितोस हे बरं. फोनवर तू माझ्याशी बोलत नाहीस, मैदानाशी बोलतोस.

तुझा ढीग बुडालाय. कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. चोथ्यातल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही. मग हवेशिवाय जगणारे दुसरे जीव माजतात आणि सडका वास येतो. म्हणून फांद्या बारीक तोडून मिसळ, मेंढ्यांच्या लेंड्या मिसळ आणि आठवड्यातून एकदा सगळा ढीग खालीवर कर.

ओल ओळखायची ती मुठीने. मूठभर घे, घट्ट दाब. पाणी ओघळलं तर ओल जास्त. बोटांच्या फटीत एखादा थेंब चमकला आणि मूठ उघडल्यावर गोळा शाबूत राहिला तर बरोबर. गोळा भुरभुरला तर कमी. आजोबांचा गजही चांगला आहे, तोही वापर.

एकोणतीस झाडं! मी घरात काही बोलले नाही, बोलायला घरात आहे तरी कोण? पण काल रात्री, गावी परतताना खोलीतल्या कुठल्या वस्तू सोबत येतील आणि कुठल्या इथेच राहतील, याची मनातल्या मनात वाटणी केली. इथे राहणाऱ्याच जास्त निघाल्या.

तुझी,
तिस्कर


अल्मोचार, २३ एप्रिल १९९५

प्रिय तिस्कर,

पेटला! ज्वाळा नाहीत, धूर नाही, पण आत चौसष्ट अंश. सकाळी ढीग पलटला की वाफेत माणूस दिसेनासा होतो. वास विचारशील तर जंगलातल्या ओल्या मातीचा.

कापियाने फडक्यात अंडी बांधून ढिगात पुरली. दोन तासांनी उकरून काढली आणि बाल्तासार घोड्यावरून चालला असताना त्याच्यासमोर सोलून खाल्ली. तो म्हणाला, "घाणीत शिजवलेलं खाता?" ती म्हणाली, "आम्ही निदान आमच्या घाणीतलं खातो." तिच्यापुढे माझी चाळीस वर्षांची भाषणं फिकी पडली!

तू मला बाकी काही दिलं नसतंस आणि ती एक मूठ दाबायला शिकवलं असतंस, तरी पुरलं असतं. आता पोरंटोरंसुद्धा ढिगावर येऊन मुठी दाबतात. बावीस कुटुंबं आळीपाळीने फावडी घेऊन येतात. इतकी वर्षं मी या माणसांना एकीचं महत्त्व सांगत आलो, ते त्यांना चोथ्याने दोन महिन्यांत शिकवलं.

कुस्तोदियो


अल्मोचार, १४ जुलै १९९५

प्रिय तिस्कर,

पाऊस नाही. हा चौथा कोरडा उन्हाळा. नळ मे महिन्यातच बंद पडले. मंगळवारी आणि शुक्रवारी टँकर येतो आणि बाया पहाटेपासून घागरी मांडून बसतात. म्हातारा एलेउतेरियो रांगेतच कोसळला. वाचला.

परवा घाण्याच्या अंगणात सभा झाली. कापियाच्या जावयाने मुद्दा काढला की महिन्याला एक टँकर ढिगावर सोडावा, नाहीतर ढीग मरेल. चूक काहीच बोलला नाही. पण मी उभा राहिलो. मी म्हणालो, "ज्या गावात म्हातारा माणूस घोटभर पाण्यासाठी उन्हात पडतो, त्या गावात खताला पाणी पाजणाऱ्याला मी शेजारी म्हणणार नाही. माणसासाठी डोंगर मागितला होता, डोंगरासाठी माणूस देणार नाही. त्या टँकरमधला एक थेंबही ढिगाला नको!" हात वर झाले. सगळेच्या सगळे. जावयाचाही.

दुसऱ्या दिवशी मळ्यावर गेलो. त्यांची स्वतःची खोल विहीर आहे, कुंपणाआड हरणं पाळलीत, त्यांच्या गवतावर भर दुपारी कारंजी उडतात. मी बाल्तासारला म्हटलं, ढिगापुरतं पाणी द्या, बदल्यात छाटणी फुकट करून देऊ. तो म्हणाला, "हरणांना विचारून सांगतो." अजून विचारतोय.

कुस्तोदियो


कासेल, ३० जुलै १९९५

प्रिय कुस्तोदियो,

भाषण वाचलं. मी तिथे असते तर माझाही हात वर गेला असता. पण एवढ्या लांब पत्रात ढीग कसा आहे ते तू लिहिलं नाहीस. तू जे लिहीत नाहीस ते मी आधी वाचते. लहानपणापासूनची सवय.

भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, मिळेल ते ओत. वरून चटया घाल, म्हणजे आहे ती ओल उडणार नाही. वाऱ्याच्या दिवशी पलटू नकोस. आणि कोरडा ढीग पलटावाच लागला तर नाकाला ओलं फडकं बांध, ती धूळ छातीला वाईट असते. हे सगळ्यांना सांग.

मूठ दाबलीस का? काय झालं?

तिस्कर


अल्मोचार, १० सप्टेंबर १९९५

प्रिय तिस्कर,

खत तयार झालं! तुझ्या सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर. काळंभोर, हलकं, बोटांतून वाळूसारखं गळतं, वास म्हणून कसला नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ढिगाची ऊब उतरत गेली आणि आता मधोमध खुपसलेला गजही गार येतो. रविवारी सगळे जमलो. तो गज बावीस घरांतल्या माणसांच्या गालांवरून फिरला. एलेउतेरियोने गाल लावला आणि डोळे पुसले. म्हणाला, "काम संपलं रे."

सोबत बरणीभर पाठवतोय. आवारातल्या त्या शहाण्या जर्मनांना दाखव. नोव्हेंबरात लावणी.

कुस्तोदियो


कासेल, ४ ऑक्टोबर १९९५

प्रिय कुस्तोदियो,

हे पत्र बसून वाच आणि मग सभेत सगळ्यांसमोर वाच.

खत तयार नाही. ते झोपलंय. बरणीतलं शंभर ग्रॅम मी घरच्या ओव्हनमध्ये वाळवलं, अठ्ठ्याहत्तर उरलं. म्हणजे त्यात पाणी फक्त बावीस ग्रॅम. निम्म्याच्या आसपास हवं होतं. एवढ्या कमी ओलीत ते जीव काम थांबवतात. मरत नाहीत, वाट पाहतात. ढीग थंड पडला तो काम संपलं म्हणून नाही, पाणी संपलं म्हणून. तयार खत आणि वाळलेलं अर्धं खत दिसायला एकसारखं असतं. तुझी काय, इथल्या लोकांचीही फसगत झालेली मी पाहिलीय.

उरलेलं मी मुठीच्या मापाने ओलं केलं. तिसऱ्या दिवशी बरणी हाताला ऊन लागली आणि झाकण उघडताच व्हिनेगरसारखा वास आला. त्यात हळीव पेरले. पाच दिवसांत कोंब पिवळे पडून आडवे झाले. साध्या मातीतले हळीव खिडकीत बोटभर उंच उभे आहेत.

हे खड्ड्यात घातलंत आणि पाऊस आला, तर ते मुळांशी जागं होईल. मुळांची हवा खाईल, जमिनीतलं सत्त्व स्वतःच ओढून घेईल. रोपं मरतील.

गज वापर असं मीच लिहिलं होतं. आजोबांच्या ढिगावर दर महिन्याला पाऊस पडायचा हे माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी आहे.

ताबडतोब उत्तर दे.

तिस्कर


अल्मोचार, १२ डिसेंबर १९९५

प्रिय तिस्कर,

लावणी झाली. अठरा दिवसांत सहाशे चाळीस रोपं. ढिगातलं निम्मं खत लागलं. तुझ्या एकोणतीस रोपांचे खड्डे मी स्वतः भरले.

आणि आठवड्यापासून पाऊस! चार वर्षांची उधारी आभाळ एकदम फेडतंय. छपरं गळतात आणि कुणी कुरकुर करत नाही. घराघरांत पावसाळी मिगास, म्हणजे लसूण घालून परतलेला शिळा पाव. कापिया अंगणात छत्रीशिवाय उभी राहिली आणि जावई ओरडला तर म्हणाली, "तूच उभा राहा छत्रीखाली, तुला साखरेचा केलाय."

बऱ्याच दिवसांत तुझं पत्र नाही. टपालाचा काहीतरी घोळ दिसतो.

कुस्तोदियो


कासेल, २० डिसेंबर १९९५

कुस्तोदियो,

पत्र पोचलं नाही म्हणजे काय? अडीच महिने मी तुझ्या गप्प बसण्याला राग समजत राहिले! फोन करायला हवा होता. मी मूर्ख. आज बारमध्ये केला, तर कुणीतरी हसत म्हणाला, तो डोंगरावर पावसात नाचतोय.

मागच्या पत्रात लिहिलं होतं ते थोडक्यात. खत कच्चं आहे. पाण्याने ते खड्ड्यांत जागं होईल. खड्डे उपसा. प्रत्येक रोपाभोवतीचं खत काढा, तिथे जी मिळेल ती माती घाला, ओढ्यातला गाळ घाला. सगळ्यांना बोलाव. एका माणसाचं काम नाही. एक दिवसही थांबू नका.

तिस्कर


अल्मोचार, २ एप्रिल १९९६

तिस्कर,

तुझं ऑक्टोबरचं पत्र मला अकरा तारखेलाच मिळालं होतं.

वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. स्वतःला सांगितलं, थांबलो तर लावणी हुकते, लावणी हुकली तर तपासणीला दाखवायला एकही रोप नाही, म्हणजे डोंगर गेलाच. मग लावून पाहायला काय हरकत? हिशोब बरोबर होता. पण तो हिशोब बावीस घरांचा होता आणि मी एकट्याने मांडला. सभेत ठरेल तेच खरं, असं जन्मभर ओरडलो आणि ज्या दिवशी सभेची खरी गरज होती त्या दिवशी सभा माझ्या खिशात होती. कुणी म्हणालं असतं, खत न घालता लावू. कुणी म्हणालं असतं, मुदत वाढवून मागू. कदाचित तरीही हरलो असतो. पण सगळे मिळून हरलो असतो.

तुझं दुसरं पत्र आल्यावर एकटाच गेलो. पावसात चाळीस खड्डे उपसले. खत कोमट लागत होतं आणि वास तू लिहिलास तोच. पांढरी मुळं तपकिरी झाली होती. चाळिसाव्या खड्ड्यापाशी खालीच बसलो.

सान आंतोनच्या रात्री या वर्षी गावाने होळी पेटवली. तिथे सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा हातात कागद धरून बोललो, तुझंच पत्र वाचलं. कापियाने विचारलं, "हे आलं कधी?" मी म्हणालो, "ऑक्टोबरात." तिने चपलेचा चिखल दगडावर पुसला आणि घरी गेली. तिच्यामागून बाकीचे. दुसऱ्या दिवशी सगळे फावडी घेऊन आले आणि उरलेले खड्डे उपसले, पण माझ्याशी कुणी बोललं नाही.

परवा तपासणी झाली. सत्त्याण्णव जिवंत. तपासनीस सभ्य माणूस होता, त्याने दोनदा मोजली.

डोंगर गेला.

कुस्तोदियो


कासेल, १९ एप्रिल १९९६

कुस्तोदियो,

तू लपवलंस तसं मीही लपवलं. आवारातली नोकरी मी मागच्या जूनमध्येच सोडली. सोडली म्हणजे सोडावी लागली. कोरड्या ढिगांची बुरशीची धूळ इतकी वर्षं छातीत बसत गेली आणि आता दोन जिने चढले की मला बसावं लागतं. म्हणूनच ते खत घरच्या ओव्हनमध्ये वाळवलं. मला वाटलं, तुला कळलं तर तू मला डोंगरावर चढू देणार नाहीस.

मी रागावलेले नाही असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तू पत्र लपवलंस याचा राग आहे. जुलैतल्या भाषणाचा नाही. ते पाणी तू माणसांना दिलंस आणि ते बरोबरच होतं. बरोबर वागूनही जे गेलं ते कुणाकडे मागायचं, हे मला कळत नाही. तुला कळत असेल तर लिही. भाषण नको.

खोली मी पुन्हा तीन वर्षांसाठी भाड्याने घेतली.

तिस्कर


अल्मोचार, १७ नोव्हेंबर १९९६

प्रिय तिस्कर,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही, म्हणून इतके महिने लिहिलं नाही. फक्त काय झालं ते सांगतो.

उरलेला निम्मा ढीग हिवाळाभर भिजला, पुन्हा सडू लागला. मी फांद्या तोडून मिसळत राहिलो, पलटत राहिलो. का, विचारू नकोस. दुसरं काही करता येत नव्हतं. मार्चअखेर तो पुन्हा पेटला. एप्रिलमध्ये पाऊस अधूनमधून पडत राहिला, जसा हवा तसा, आणि ऑगस्टमध्ये ढीग निवाला. या वेळी आतून ओलसर असताना निवाला. असं खत या गावाने पाहिलं नसेल.

डोंगरासोबत डोंगरावरचं सगळं मळ्याकडे गेलं. ढीगसुद्धा. सप्टेंबरात बाल्तासार आला, खत घालू का म्हणून विचारायला. मी म्हटलं, खात्री हवी तर अजून दोन महिने ओल राखून ठेवा. त्याने लगेच विहिरीवरून नळी आणली आणि दोन महिने थांबला. त्याला कसली घाई होती? त्याच्यावर कुठल्या मार्चची तलवार टांगलेली नव्हती. ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे वेळही असतो, तिस्कर. आमच्याकडे खरं तर कमी पडला तो वेळ, आणि तो ज्यांनी आम्हाला मोजून दिला त्यांना ढीग म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. बघ, भाषण झालंच.

या आठवड्यात मळ्याची लावणी सुरू झाली. रोजावर माणसं घेतली ती आमच्याचपैकी. खड्डेही तेच, आम्ही पहारीने फोडलेले. मी जाणार नव्हतो, पण कामाला नाही कसं म्हणणार? माझ्याच ओळीत कापिया होती. जानेवारीपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दुपारपर्यंत आम्ही तसेच पुढे सरकत होतो, ती रोप धरायची, मी खत लोटायचो.

एका खड्ड्यात मी घाईने कमी टाकलं. मुद्दाम नाही. किंवा मुद्दामही असेल, आता मला स्वतःची खात्री देता येत नाही. ती थांबली. खड्ड्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून घाल," म्हणाली. "रोपाने तुझं काय बिघडवलंय?"

मी घातलं.

कुस्तोदियो